उघडं ठेवायचं लोखंड

आबा गाडीत माझ्या शेजारी बसले की त्यांचा उजवा पाय ब्रेक दाबतो. त्यांच्या बाजूला ब्रेक नाही हे त्यांना पुरेपूर माहीत आहे. पण समोर रिक्षा आडवी आली, कुत्रं आलं, नुसता सिग्नल पिवळा झाला तरी त्यांची चप्पल खालच्या रबरी चटईवर करकरत रुतते. चटईची त्या जागची नक्षी झिजून सपाट झाली आहे. मी चिडायचे. "आबा, गाडी मी चालवतेय ना?" "व्हय, तूच चालवायलीस की," म्हणत ते पाय उचलायचे आणि पुढच्या चौकात पुन्हा तेच.

गाडी त्यांचीच. वाळूजच्या एका कंपनीत त्यांनी सगळी नोकरी पेंट शॉपमध्ये काढली. दुचाकीच्या टाक्या, मडगार्ड, असलं सगळं त्यांच्या हाताखालून रंगून जायचं. तेव्हा आम्ही बजाजनगरात राहायचो. संध्याकाळी आधी थिनरचा वास घरात यायचा आणि मागून आबा यायचे. निवृत्तीनंतर पुंडलिकनगरात हे घर झालं, दारात ही छोटी गाडी आली, आणि ती त्यांनी मोठ्या हौसेनं चालवली. मग काचबिंदूनं डोळे धरले. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की समोरचं बरेच दिवस दिसत राहील, कडा आधी जातील. तसंच झालं. एक दिवस डावीकडून आलेली सायकल त्यांना थेट बॉनेटसमोर दिसली. सायकलवाल्याला खरचटलंसुद्धा नाही. आबांनी गाडी घरी आणून लावली, किल्ली माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आता तू." ते गाडीतून निवृत्त झाले, त्यांचा पाय मात्र झाला नाही.

आबांची एक थोरली बहीण आहे. ते तिला अक्का म्हणतात, म्हणून मी आणि आईही अक्काच म्हणतो. आबा चालायला लागायच्या आधीच त्यांची आई गेली. अक्का तेव्हा स्वतःच लहान होती, पण तिनं त्यांना कडेवर घेऊन वाढवलं. ती कन्नडच्या पुढे घाट उतरून गेलं की लागणाऱ्या खानदेशातल्या एका गावात, लेकाकडे राहते. थंडीच्या सुरुवातीला तिचा फोन आला. आवाज अगदी बारीक झाला होता. "बाळ, एकदा येऊन तोंड दाखवून जा रं." आबा "येतो, येतो" म्हणाले आणि फोन ठेवून अंगणात आले. मग मला म्हणाले, "तोंड मी कवाही दाखवीन. मला तिचं बघायचंय. अजून समोरचं दिसायलंय तोवर."

आता यात अवघड असं काही नव्हतं. दारात गाडी, घरात चालवणारी लेक. अवघड होता तो घाट.

गेल्या उन्हाळ्यात मी तो घाट उतरत होते. आई मागे होती, चाळीसगावला लग्न होतं. पुढे एक ट्रक रखडत चालला होता, त्याच्या मागे मी सारखा ब्रेक दाबत होते. अर्धा घाट उतरल्यावर करपल्यासारखा वास आला. आणि मग एका वळणावर मी पाय दाबला तर ब्रेक खाली गेला. नुसताच गेला, ओल्या मातीत पाय जावा तसा. हँडब्रेक ओढून, पहिला गिअर टाकून, डोंगराच्या बाजूच्या नालीत चाक घालून मी गाडी थांबवली. आई म्हणाली, "का गं थांबलीस?" तिला काहीच कळलं नव्हतं. मला दार उघडून उतरताही येईना. नंतर मेकॅनिकनं सांगितलं की ब्रेकचं तेल तापून उकळलं होतं, घाटात खालच्या गिअरमध्ये उतरायचं असतं, सारखा ब्रेक दाबून नाही. त्यानं तेल बदललं, सगळं तपासलं, गाडी ठणठणीत असल्याचं सांगितलं. गाडी ठणठणीत झाली, मी झाले नाही. त्यानंतर मी कन्नडपर्यंत जायचे. कन्नडच्या पुढे स्टिअरिंग धरलेला माझा हात जात नव्हता.

एसटीच्या पायऱ्या आबांना दिसत नाहीत. मनमाडवरून रेल्वेनं उलटा फेरा मारून जाऊ, असं मी सुचवलं तर ते म्हणाले, "फलाटावर मला ढकलून देतेत लोकं." भाड्यानं गाडी आणि ड्रायव्हर करू म्हटलं तर काहीच बोलले नाहीत. न बोलणं हा आबांचा सगळ्यात मोठा नकार असतो. मला ते कधीही "तू घेऊन चल" म्हणाले नाहीत. ते म्हणाले असते तर मला भांडता तरी आलं असतं.

अशात संक्रांतीनंतरच्या एका सुट्टीच्या दिवशी गाडीचं पुढचं चाक पंक्चर निघालं. मी जॅक लावून चाक काढलं. आबा शेजारी स्टुलावर बसून देखरेख करत होते, म्हणजे मी काय करते ते आवाजावरून ओळखून चुका काढत होते. चाक बाजूला झाल्यावर आत जे होतं ते मी आयुष्यात पहिल्यांदा नीट पाहिलं. एक लोखंडी तबकडी, आणि तिच्या कडेला दोन्ही बाजूंनी चावा घेऊन बसलेला एक ओबडधोबड गोळा. तबकडी म्हणजे डिस्क आणि गोळा म्हणजे कॅलिपर, एवढं मला शाळेत शिकवणारी बाई म्हणून ठाऊक होतं. मी सातवी-आठवीला विज्ञान शिकवते. घर्षणाचे फायदे लिहा, तर त्यात ब्रेक पहिल्या क्रमांकावर असतो. किती वर्षं मी तो फळ्यावर लिहितेय आणि पोरं वहीत उतरवून घेताहेत. पण हेच ते, असं मी कधी म्हटलं नव्हतं. घाटात माझ्या पायाखालून निसटलं ते हेच.

आबांनी हात पुढे केला. त्यांची बोटं कॅलिपरवरून फिरली आणि थबकली. "हे काय, खपल्या धरल्यात की!"

"गंज आहे आबा."

"एवढं जोखमीचं काम करतंय आन् अंगावर रंग नाय?" त्यांना खरंच राग आला होता. कुणीतरी पाहुण्याला चहा न विचारता परत पाठवावं तसा. "आमच्या शॉपमधून असला माल बाहेर गेला असता तर सायबानं उभं केलं असतं. उघडं लोखंड ठेवत नसतेत, माय."

झालं. पंक्चर निघालं, चाक बसलं, पण आबांच्या डोक्यातून तो गंज काही निघेना. दिवसभरात त्यांनी तीनदा विषय काढला. शेवटी मीच म्हणाले की रंगवून टाकू. त्यांना वाटलं मी त्यांच्यासाठी म्हणतेय. खरं म्हणजे मला ते पुन्हा उघडून बघायचं होतं. ज्याची भीती वाटते त्याचं तोंड एकदा नीट बघून घ्यावं, असं काहीतरी माझ्या मनात होतं.

जुन्या मोंढ्याकडच्या एका दुकानात उष्णता सोसणारा, खास कॅलिपरचा रंग मिळाला. दुकानदार म्हणाला, "मॅडम, लाल लेके जाव. सब लाल लेते. चाक में से कैसा चमकता!" मी निळा मागितला. "नीला कोई लेता नै," असं कुरकुरत त्यानं मागच्या फळीवरून डबा काढला. आमच्या घरात निळ्याला कारण लागत नाही. आबांना डबा दिला तेव्हा त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन, त्यांना दिसतं त्या तेवढ्याशा जागेत फिरवत फिरवत पाहिला आणि समाधानानं मांडीवर ठेवला.

पुढच्या रविवारी सकाळी विहारातून वंदना करून आलो आणि कामाला लागलो. मागच्या चाकांना विटा लावल्या, गाडी उचलून खाली पक्का स्टँड लावला, चाक काढलं. मागच्या चाकांना डिस्कऐवजी बंद ड्रम असतात, त्यामुळे काम पुढच्या दोन कॅलिपरांचंच होतं. आबांनी तारेच्या ब्रशनं खपल्या काढायला घेतल्या. त्यांना दिसत नव्हतं असं म्हणायची सोयच नव्हती. डाव्या हाताची बोटं पुढे, उजव्या हातातला ब्रश मागे, असे ते सरकत होते. जिथे बोट अडायचं तिथे ब्रश यायचा. मी तोंडाला फडकं बांधून रबराच्या भागांना आणि डिस्कला कागद चिकटवत होते.

कागद चिकटवायच्या आधी एक गंमत झाली. मी सहज डिस्कला हात लावला तर ती फिरली. गाडी न्यूट्रलमध्ये होती, ती बाजू अधांतरी, म्हणून ती एका बोटानं गुळगुळीत फिरत होती. मी आईला हाक मारली. "गाडीत बस आणि मी सांगितलं की मधलं पेडल दाब."

आई पदर खोचून, आयुष्यात पहिल्यांदाच, ड्रायव्हरच्या जागेवर बसली. तिचा पाय पेडलपर्यंत पोचेना, म्हणून ती पार पुढे सरकून स्टिअरिंगला चिकटली. "दाबू का?"

"दाब."

"दाबलं!"

मी डिस्ककडेच बघत होते. काहीही झालं नाही. म्हणजे दिसायला काही झालं नाही. कॅलिपर केसभर हलला असेल नसेल. पण डिस्क थांबली होती. मी ती दोन्ही हातांनी धरून फिरवायला गेले. हलेना. मी पाय रोवले, सगळं अंग टाकलं, दात आवळले. हलेना. दोन पोळ्यांवर दुपार काढणारी माझी आई, तिचा वाळक्या शेंगेसारखा पाय पेडलवर, आणि इकडे मी लोंबकळले तरी ते लोखंड जागचं हलत नव्हतं.

"सोडू का गं? पायाला कळ लागली," आई आतून म्हणाली.

"थोडं थांब," मी म्हणाले. मला ते सोडवत नव्हतं. मी थक्क होऊन तिथेच उकिडवी बसले होते. इतकी वर्षं फळ्यावर ज्याचं नुसतं नाव लिहिलं ते माझ्या हातात होतं. आईच्या पायातून निघून, बारीकशा नळीतल्या तेलातून येऊन, या गोळ्यात शिरून ते लोखंडाला धरून बसलं होतं, आणि ते ना आईला दिसत होतं ना मला. तेल उकळून त्यात बुडबुडे झाले की हेच येणं मध्येच विरून जातं. घाटात तसं झालं होतं. म्हणजे घाटात त्यानं मला सोडलं नव्हतं. मीच त्याला उसंत न देता दाबत राहिले होते. हे मेकॅनिकनं सांगितलं तेव्हा नुसतं ऐकलं होतं, आता हाताला कळलं.

आबांनीही हात लावून पाहिला. मग ते म्हणाले, "आता सोड म्हणावं तिला." आईनं पाय काढला, मी बोट लावलं, डिस्क परत फिरायला लागली. आबांनी पुन्हा पेडल दाबायला लावलं. पुन्हा सोडायला लावलं. आई वैतागली, "खेळणं हाय का हे?" आम्ही दोघंही खुदकन हसलो, कारण त्या वेळी ते खेळणंच होतं.

रंग कालवला. आबांनी पहिला हात दिला आणि मी नुसती बघत राहिले. ब्रशचं टोक रंगात बुडवायचं, डब्याच्या काठावर पुसायचं, आणि लोखंडावर ठेवून ओढायचं. ओघळ नाही, थेंब नाही. मग त्यांनी आईला स्टीलची ताटली आणायला सांगितली. आईनं ती धरली, तिच्यावरचं ऊन चाकाच्या पोकळीत वळवलं आणि आबांनी तोंड जवळ नेलं. रंगाकडे बघायचं नसतं, रंगावर उजेड कसा सरकतो ते बघायचं असतं, असं त्यांचं म्हणणं. "जरा उजेडाकडं. आणखी जरा." त्यांच्या दृष्टीच्या त्या छोट्याशा भोकातून ते एकेक टिचभर जागा बघत गेले आणि म्हणाले, "पास." त्यांच्या शॉपमध्ये तपासणीनंतर हाच शब्द म्हणत असावेत. मी तो त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकला.

दुसऱ्या बाजूचं चाक काढून तोही कॅलिपर घासून झाला, कागद लावून झाले, रंग द्यायला सुरुवात झाली, आणि गल्लीत एकच ओरडा उठला. पाणी आलं होतं.

आमच्या शहरात नळाला पाणी येणं म्हणजे काय, हे इथे राहणाऱ्यालाच कळेल. ते आठवड्यानं कधी तरी येतं, वेळ सांगून येत नाही, आणि आलं की हातातलं सगळं टाकून धावायचं असतं. घरोघरच्या मोटारी एकदम सुरू झाल्या. मी हातमोजे फेकले, आईनं ताटली तिथेच टाकली. टाकी, हौद, पिंप, हंडे, कुकर, जे हाती लागेल ते भरायचं. गच्चीवरच्या टाकीचा पाइप निसटला, तो बसवला. शेजारणीला आमच्या मोटारीवरून तिचं पिंप भरून दिलं. पाणी गेलं तेव्हा मी नखशिखांत भिजले होते, आणि तेव्हा कुठे मला आबांची आठवण झाली.

ते स्टुलावर ताठ बसले होते. ब्रश थिनरमध्ये बुडवून ठेवलेला. चेहऱ्यावर असं तेज की मी ओळखलंच, काहीतरी पुरं झालंय.

कॅलिपर रंगला होता. आणि डिस्कही रंगली होती. मी लावलेला कागद काढून, घडी करून, दगडाखाली ठेवला होता. कॅलिपरच्या बाहेर जेवढी म्हणून डिस्क दिसत होती तेवढी सगळी त्यांनी निळी केली होती. आणि काय केली होती! ब्रशचा एक केस उठलेला नव्हता. वर आकाश होतं ते त्यात दिसत होतं. खरं सांगते, पहिल्यांदा मला ते इतकं सुंदर वाटलं की भीती वाटायच्या आधी मी क्षणभर नुसतीच बघत उभी राहिले.

"सुकलं की फिरवून उरलेलं देतो," आबा म्हणाले. "कडेनं सगळं गंजायलं होतं. तू कागद लावून तसंच सोडायली होतीस."

मग माझा तोल गेला. "आबा, ते उघडंच ठेवायचं असतं! त्याच्यावरच ब्रेक लागतो! रंगावरून घसरला म्हणजे? याच गाडीतून मी तुम्हाला घाट उतरवून नेणार होते अक्काकडे!"

गल्लीत मोटारी बंद झाल्या होत्या, त्यामुळे माझा आवाज चार घरांत गेला असणार. आई दारात येऊन उभी राहिली. मलाच माझ्या तोंडून काय निघालं ते निघाल्यावर कळलं. मी असं ठरवलं कधी होतं? आईचा पाय पेडलवर होता आणि मी डिस्कला लोंबकळत होते तेव्हा बहुतेक.

रंगाचं, ब्रेकचं, माझ्या ओरडण्याचं आबांना काहीच ऐकू आलं नसावं. त्यांनी मान वळवून मला आपल्या दृष्टीच्या त्या जागेत आणलं आणि विचारलं, "कवा जायचं?"

मला रडू आलं. मी थिनरची बाटली घेऊन खाली बसले. "आधी हे पुसू द्या," म्हणाले.

आम्ही दोघांनी मिळून ती डिस्क पुसली. रंग अजून ओला होता म्हणून बरं. इतकं देखणं काम पुसून टाकताना माझाच हात जड झाला होता, पण आबा झपाट्यानं पुसत होते. खालून लोखंड उघडं पडत गेलं, तसं मी त्यांना सांगत गेले की कॅलिपरच्या आतले पॅड याच्यावरच घासतात, रात्रभरात दवानं याच्यावर तांबूस साय धरते, सकाळी पहिला ब्रेक दाबला की ती साय निघून जाते. गंज उरतो तो कडेला, जिथे पॅड पोचत नाहीत तिथे.

त्यांचा हात थांबला. "रोज धरते?"

"रोज."

"आन् रोज निघते?"

"पहिल्या चौकात."

आबांनी फडकं खाली ठेवलं. घासून घासून आरशासारख्या झालेल्या त्या पट्ट्यावर त्यांनी आंगठा फिरवला, अगदी हळू, परत परत. सगळी हयात त्यांनी लोखंड झाकण्यात घालवली होती. उघडं लोखंड म्हणजे कुणाची तरी हयगय, एवढंच त्यांना माहीत होतं. "म्हंजे सगळ्यात जोखमीचं काम ज्याच्याकडं," ते म्हणाले, "तेच उघडं."

"हो."

"लईच झालं की हे!" ते म्हणाले आणि लहान मुलासारखे हसले. मला वाटलं होतं चूक झाली म्हणून ते ओशाळतील. ते ओशाळले बिशाळले काही नाहीत. त्यांना काहीतरी नवीन सापडलं होतं आणि ते आईला हाक मारून तिलाही आंगठा फिरवायला लावत होते.

दुसऱ्या दिवशी मी गाडी मेकॅनिककडे नेली, सगळं बारकाईनं तपासून घेतलं, पॅडही नवे टाकून घेतले. त्यानं निळा कॅलिपर पाहिला आणि मान हलवली. "घरी केलं? मस्त आहे. कोणाला दिसणार पण हे?" खरंच होतं. आमच्या गाडीच्या चाकांना फुलवाली झाकणं आहेत, त्यांच्या फटींतून वाकून बघितलं तरच एक निळी रेघ दिसते. मला ती दिसत होती. तेवढं पुरे होतं.

शनिवारी निघालो. मागे आई, तिच्या मांडीवर भाकरीचा डबा आणि अक्कासाठी लाडू. "घाट आला की मी डोळे मिटून घेणार," तिनं दौलताबादच्या आधीच जाहीर करून टाकलं. आबा शेजारी. वेरूळपर्यंत त्यांच्या पायानं नेहमीचं काम केलं. म्हैस आली, दाबला. ट्रॅक्टर आला, दाबला. कन्नडला चहा घेतला. टपरीवाला म्हणाला, "घाट मोकळा हाय ताई, जा निवांत." मी दुसरा चहा मागितला. आबांनीही मागितला, त्यांना नको असताना. मग तेच उठले.

घाटाच्या तोंडाशी मी गाडी दुसऱ्या गिअरमध्ये टाकली. इंजिन घुमायला लागलं, गाडीनं स्वतःलाच धरून ठेवल्यासारखं वाटलं. समोर रस्ता खाली वाकला आणि कठड्यापलीकडे एकदम सगळा खानदेश उघडा पडला, धुरकट, सपाट, नजर पोचेपर्यंत. मी तिकडे पाहिलं नाही. मी वळण बघत होते. वळणाआधी दाबायचं, सोडायचं. दाबायचं, सोडायचं. दर वेळी मला पायाखाली ते जाणवत होतं, तेलातून जाणारं, गोळ्यात शिरणारं, उघड्या लोखंडाला धरणारं. भीती होतीच. पण आता तिच्याजवळ काहीतरी ओळखीचं होतं.

ती नाली आली, जिथे मी चाक घातलं होतं. मी नाकानं खोल श्वास ओढून वास घेतला. कसलाच वास नव्हता. पेडल पायाखाली टणक होतं. आम्ही नालीवरून पुढे गेलो, आणि तेव्हा माझ्या लक्षात आलं की बराच वेळ चटईवर चप्पल रुतल्याचा तो करकर आवाज आलेला नाही.

पुढे रस्ता थोडा सरळ झाला तेव्हा मी डावीकडे नजर टाकली. आबांच्या चपला चटईवर शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या, रिकाम्या. आबा सीटवर मांडी घालून बसले होते. वर पट्टा लावलेला, दोन्ही हात गुडघ्यांवर, विहारात बसतात तसे. चेहरा निवांत. समोरच्या काचेतून जेवढं दिसत होतं तेवढं बघत होते.

मी नजर परत रस्त्यावर आणली. आणखी बघितलं असतं तर रस्ता धूसर झाला असता.

खाली उतरून सावलीत गाडी लावली. आईनं विचारलं, "झाला का?" आणि डोळे उघडले. मी चाकाजवळ बसून लांबूनच हात धरला. धग होती, पण सुखाची धग होती. झाकणाच्या फटीतून निळी रेघ दिसत होती.

अक्का ओसरीवर बाजेवर बसली होती. इतकी लहान झाली होती की पांघरुणात ती आहे हे मला आधी कळलंच नाही. "बाळ आला का?" म्हणत तिनं हात पसरले. आबा चाचपडत गेले, बाजेच्या कडेला टेकले आणि त्यांनी तिचं तोंड दोन्ही तळव्यांत धरलं. मग अगदी हळू, त्यांनी ते वळवलं.

"जरा उजेडाकडं, अक्का. आणखी जरा."

अंगणातलं ऊन तिच्या गालावर आलं. आबांनी आपलं तोंड जवळ नेलं. कपाळ बघितलं. भुवया बघितल्या. एक डोळा, मग दुसरा. नाकावरची गोंदणाची टिकली. हनुवटी. परत कपाळ. त्यांच्या दृष्टीत एका वेळी तिचा जेवढा तुकडा मावत होता तेवढा घेऊन ते पुढे सरकत होते आणि शेवटाला आले की पुन्हा पहिल्यापासून सुरू करत होते.

बऱ्याच वेळानं अक्काच हसली. तोंडात दात नव्हते. "किती बघशील रं? झालं का बघून?"

मी वाट बघत होते की आता ते "पास" म्हणतील.

"थांब," आबा म्हणाले. "अजून झालं नाय."